अँजिओप्लास्टी: फुग्याची गोष्ट आणि विचारायचे प्रश्न



काही इंग्रजी शब्द आपल्या घरांत आता मराठीच होऊन गेलेत. अँजिओग्राफी हा त्यातलाच एक. रविवारी घरी फोन लावला की कुणाची तरी 'अँजिओ' झालेली असते, कुणाला 'दोन ब्लॉकेज' निघालेले असतात, कुणाला 'स्प्रिंग' बसवलेली असते. पण हा फुगा हृदयात जातो कसा, तो कुणाच्या डोक्यातून निघाला आणि तिथे जाऊन नक्की काय करतो, हे विचारलं तर बहुतेकांची गाडी 'नळीतला कचरा साफ करतात' इथे येऊन थांबते. कचरा वगैरे काही साफ करत नाहीत! म्हणून हा लेख. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. इंजिनिअरिंगला फ्लुइड मेकॅनिक्स होतं, तेवढाच काय तो या विषयाशी संबंध. पण वाचत गेलो आणि गुंतत गेलो.

दुसरं कारण म्हणजे या इतिहासातली बरीच ठिकाणं आम्हा जर्सी सिटीकरांच्या रोजच्या वाटेवर आहेत. जर्नल स्क्वेअरला पाथ पकडून ३३ स्ट्रीटला उतरा आणि पूर्वेला चालत सुटा, फर्स्ट ॲव्हेन्यूवर बेलव्ह्यू हॉस्पिटल लागतं. वाटेत ६ नंबरची सबवे धरली तर ७७ स्ट्रीटला लेनॉक्स हिल हॉस्पिटल. उलट्या दिशेला नेवार्कला गाडी बदलली की न्यू ब्रन्सविक आणि प्रिन्स्टन. ही सगळी नावं पुढे येणार आहेत.

सुरुवात मात्र जर्मनीत झाली. १९२९ साली एबर्सवाल्ड नावाच्या गावातल्या हॉस्पिटलात वेर्नर फोर्समान नावाचा पंचविशीतला डॉक्टर होता. हातातल्या शिरेतून नळी थेट हृदयापर्यंत नेता येईल असं त्याचं म्हणणं. वरिष्ठांनी साफ नाही सांगितलं. याने गेर्डा डिट्झेन या नर्सला पटवलं, तिच्यावर प्रयोग करतोय असं भासवून तिला टेबलाला बांधलं आणि नळी स्वतःच्याच हातात सरकवली. ६५ सेंटिमीटर! मग तसाच नळीसकट जिना उतरून एक्सरेच्या खोलीत गेला आणि नळीचं टोक हृदयात आहे याचा फोटो काढून घेतला. शाबासकीच्या जागी बोलणी खाल्ली आणि पुढे तो मूत्ररोगतज्ज्ञ झाला.

ती नळी पुढे उचलली ती आपल्या शेजारच्या बेलव्ह्यूमध्ये. आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स या दोघांनी १९४० च्या दशकात तिथे या नळीने हृदयाच्या कप्प्यांमधला दाब आणि रक्तातला ऑक्सिजन मोजायला सुरुवात केली. १९५६ चं नोबेल या दोघांना आणि फोर्समानला मिळून मिळालं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे: हृदयातली नळी हे आधी मोजमापाचं हत्यार होतं. दुरुस्तीचं काम तिच्याकडे नंतर आलं.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या ज्या कोरोनरी धमन्या, त्यांच्यात रंगद्रव्य सोडायची हिंमत तोवर कुणी केली नव्हती. रुग्ण दगावेल अशी सगळ्यांची खात्री होती. ऑक्टोबर १९५८ मध्ये क्लीव्हलंडला मेसन सोन्स एका तरुण रुग्णाची तपासणी करत असताना नळीचं टोक अपघाताने उजव्या कोरोनरी धमनीत शिरलं आणि सगळा डोस तिथेच गेला. हृदय थांबलं. सोन्सने रुग्णाला जोरात खोकायला लावलं आणि ठोके पुन्हा सुरू झाले! त्या धमनीचं चित्र मात्र पडद्यावर स्वच्छ उमटलं होतं. आज आपण जिला अँजिओग्राफी म्हणतो तिचा जन्म हा असा. ब्लॉक दिसायला लागले, आणि १९६७ साली त्याच क्लीव्हलंडला रेने फावालोरो याने पायातली शीर वापरून बायपासची पद्धत बसवली. म्हणजे दुखणं दिसलं की छाती उघडायची, दुसरा इलाज नाही.

तिसरा माणूस ओरेगॉनमधल्या पोर्टलंडचा, चार्ल्स डॉटर. हा सर्जन नव्हता, एक्सरेवाला होता. १६ जानेवारी १९६४ रोजी त्याच्याकडे लॉरा शॉ नावाच्या ८२ वर्षांच्या बाई आल्या. पायात गँगरीन. सर्जन म्हणाले पाय कापा, बाई म्हणाल्या मुळीच नाही. डॉटरने मांडीच्या धमनीत आधी बारीक आणि मग तिच्यावरून जाड अशा नळ्या सरकवत ब्लॉक रुंद केला. पाय वाचला आणि त्या पुढे स्वतःच्या पायांवर चालल्या. अमेरिकेतल्या सर्जन मंडळींनी डॉटरला वेड्यात काढलं. युरोपात मात्र त्याच्या नावाचं क्रियापद झालं, 'डॉटरिंग'.

ते ऐकून भारावलेला एक तरुण डॉक्टर म्हणजे आपल्या गोष्टीचा नायक, आंद्रेआस ग्रुंटझिग. जन्म १९३९, ड्रेस्डेनचा, नोकरी झुरिकच्या विद्यापीठ रुग्णालयात. डॉटरच्या नळ्यांची अडचण त्याला कळली होती. नळी जेवढी जाड तेवढंच भोक मोठं होणार, आणि हृदयाजवळ एवढी जाड नळी न्यायची कशी? उत्तर सोपं वाटतं: बारीक नळी न्या आणि आत गेल्यावर फुगवा. पण साधा रबरी फुगा घेऊन बघा. मधोमध चिमटीत धरून फुगवला तर तो चिमटीच्या दोन्ही बाजूंना फुगतो, चिमटीत तसाच चपटा राहतो. ब्लॉकमध्येही नेमकं तेच होणार. जिथे जोर हवा तिथेच नाही. शिवाय जास्त फुगला तर धमनी फाटणार.

म्हणजे फुगा असा हवा की ठरलेल्या व्यासापर्यंत फुगेल, त्यापुढे कितीही दाब दिला तरी नाही. ग्रुंटझिग झुरिकच्या तंत्रविद्यापीठातले रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक हाइनरिख हॉफ यांच्याकडे गेला आणि त्यांनी त्याला पीव्हीसीचा रस्ता दाखवला. पुढची कार्यशाळा म्हणजे त्याच्या घरचं स्वयंपाकघर. संध्याकाळी जेवणं उरकली की तो, बायको मिखाएला, सहायक मारिया श्लुम्फ आणि तिचा नवरा वाल्टर ओट्यापाशी बसून नळ्या तापवायचे, फुगे चिकटवायचे, फुटले की पुन्हा नवे करायचे. नळीला दोन मार्ग ठेवले होते. एक फुगा फुगवायला. दुसरा टोकापर्यंत जाणारा, ब्लॉकच्या पलीकडचा दाब मोजायला. हा दुसरा मार्ग फार महत्त्वाचा आहे.

फेब्रुवारी १९७४ मध्ये पायाच्या धमनीवर पहिला फुगा वापरला. मग कुत्र्यांच्या हृदयावर प्रयोग केले. १९७६ साली मायामीच्या परिषदेत भिंतीवर पोस्टर लावून उभा राहिला. मे १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला रिचर्ड मायलरबरोबर बायपासच्या ऑपरेशनमध्ये छाती उघडी असतानाच फुगा वापरून बघितला. प्रत्येक पायरी तपासूनच पुढची. आपल्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंग झाल्याशिवाय प्रॉडक्शनला काही गेलं नाही.

आणि १६ सप्टेंबर १९७७ ला झुरिकमध्ये आडोल्फ बाखमान नावाचा ३८ वर्षांचा विमा विक्रेता टेबलावर होता, पूर्ण जागा. डाव्या बाजूच्या मुख्य धमनीत एकच लहानसा ब्लॉक. सर्जन ओके सेनिंग यांची तुकडी बायपासच्या तयारीत बाहेर उभी. फुगा दोनदा फुगवला, पलीकडचा दाब वर आला, छातीत दुखायचं थांबलं. बायपासची गरज पडली नाही. दहा वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हाही ती जागा उघडीच होती.

ग्रुंटझिग मला आवडतो तो त्यानंतरच्या वागण्यामुळे. १९७९ साली त्याने पहिल्या ५० रुग्णांचा हिशेब छापला. ५० पैकी ३२ जणांत जमलं, बाकीच्यांत नाही, काहींना तातडीने बायपास करावी लागली, हे सगळं लिहून. बायपासला पात्र असलेल्यांपैकी १० ते १५ टक्क्यांनाच ही पद्धत लागू पडेल असा त्याचा तेव्हाचा अंदाज होता. स्वतःचं प्रॉडक्ट विकायला निघालेला माणूस असं लिहीत नाही. पद्धत शिकायला येणाऱ्यांना तो समोर बसवून, कॅमेरे लावून, काम चालू असताना दाखवायचा. चुकलं तर चुकलेलं सगळ्यांना दिसायचं. आणि प्रत्येक केसची नोंद एका ठिकाणी व्हावी असा आग्रह धरायचा. अमेरिकेत १९७९ मध्ये तशी राष्ट्रीय नोंदवही सुरूही झाली.

अमेरिकेतल्या पहिल्या दोन केसेस १ मार्च १९७८ ला, एकाच दिवशी झाल्या: सॅन फ्रान्सिस्कोत मायलरकडे आणि आपल्या ७७ स्ट्रीटच्या लेनॉक्स हिलमध्ये सायमन स्टर्टझरकडे. १९८० साली ग्रुंटझिग स्वतःच अटलांटाला एमरी विद्यापीठात आला. २७ ऑक्टोबर १९८५ ला जॉर्जियात स्वतःचं विमान चालवताना झालेल्या अपघातात तो गेला. वय ४६. योगायोग असा, की डॉटर, सोन्स आणि अँजिओग्राफीच्या नळ्यांना आजचे आकार देणारा मेल्विन जडकिन्स हे तिघंही त्याच १९८५ सालात गेले. एका वर्षात एक अख्खी पिढी संपली.

फुग्याच्या उणिवा तोवर दिसू लागल्या होत्या. फुगा ब्लॉक दाबून सपाट करतो असा सुरुवातीचा समज. प्रत्यक्षात तो ब्लॉकला तडे पाडतो आणि धमनीची भिंत ताणतो. ताणलेली भिंत कधी लगेच मिटायची, आणि साधारण तीनातल्या एकाची जागा सहाएक महिन्यांत पुन्हा अरुंद व्हायची. मग आत टेकू द्यायची कल्पना आली. १९८६ साली फ्रान्समध्ये जाक प्युएल आणि स्वित्झर्लंडमध्ये उलरिख सिगवार्ट यांनी माणसाच्या कोरोनरीत पहिले स्टेंट बसवले.

इथे न्यू जर्सी येते. अर्जेंटिनाचा हुलियो पालमाझ १९७८ मध्ये न्यू ऑर्लीन्सला ग्रुंटझिगचं भाषण ऐकून आला होता. फुगा काढला तरी नळी उघडी राहील असं काहीतरी हवं, हे त्याने तेव्हाच मनात धरलं. घरच्या गॅरेजमध्ये गवंड्याने टाकून दिलेली प्लास्टरखालची लोखंडी जाळी त्याला सापडली. चिरा पाडलेला पत्रा ताणला की चौकटी उघडतात, आणि उघडल्या की तशाच राहतात. त्याचा स्टेंट न्यू ब्रन्सविकच्या जॉन्सन अँड जॉन्सनने घेतला. १९९४ साली अमेरिकेत कोरोनरीसाठी परवानगी मिळाली, किंमत एका नगाला १,५९५ डॉलर.

पण या जाळीवर शरीर स्वतःच कातडी धरायचं आणि वाट पुन्हा बुजायची. त्याचं औषध प्रिन्स्टनच्या वाटेने आलं. १९६४ साली एका कॅनडियन मोहिमेने ईस्टर आयलंडहून मातीचे नमुने आणले होते. त्यातल्या जिवाणूपासून माँट्रियलच्या आयर्स्ट कंपनीत सुरेन सहगल यांनी १९७० च्या दशकात रापामायसिन वेगळं केलं. सहगल हे आज पाकिस्तानात असलेल्या खुशपूरचे, बनारसला फार्मसी शिकलेले. कंपनीने प्रकल्प गुंडाळून लोकांना प्रिन्स्टनला हलवलं, तेव्हा या गृहस्थांनी जिवाणूंचा साठा घरच्या फ्रीजरमध्ये जपून इकडे आणला! कित्येक वर्षांनी नव्या वरिष्ठांना पटवून काम पुन्हा सुरू केलं. पेशींची वाढ रोखणारं हेच औषध स्टेंटवर लावून एप्रिल २००३ मध्ये सायफर हा औषधी स्टेंट अमेरिकेत आला. सहगल त्याच वर्षी जानेवारीत गेले होते. तीन महिन्यांनी चुकामूक झाली.

भारतात हे तंत्र आणलं ते एमरीत ग्रुंटझिगच्याच हाताखाली शिकलेल्या डॉ. मॅथ्यू सॅम्युअल कलरिक्कल यांनी, १९८६ मध्ये चेन्नईला. मग मुंबई, पुणे, आणि पुढे नाशिक, कोल्हापूर, सांगली अशा गावांत कॅथलॅब आल्या. महाराष्ट्र सरकारच्या राजीव गांधी जीवनदायी योजनेत, जी २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू होऊन २०१३ ला राज्यभर गेली, अँजिओप्लास्टीचा समावेश होता. ज्याच्या घरात लाखभर रुपये एकत्र कधी दिसले नाहीत त्या शेतकऱ्यालाही फुगा मिळाला, ही लहान गोष्ट नाही. दुसरी बाजू म्हणजे पैसा. वीरेंद्र सांगवान या वकिलाने दिल्ली उच्च न्यायालयात पाठपुरावा केला, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध दर प्राधिकरणाने साध्या स्टेंटला ७,२६० आणि औषधी स्टेंटला २९,६०० रुपयांची कमाल मर्यादा घातली. त्याआधी औषधी स्टेंटची छापील किंमत सरासरी लाखाच्या वर होती, आणि प्राधिकरणाच्याच आकड्यांनुसार नफ्याचा मोठा वाटा हॉस्पिटलच्या पातळीवर पडत होता.

आता मुद्द्यावर येतो. आपल्यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी येणारा फोन असा असतो: तिकडे दुपारचा दीड, इकडे पहाटेचे तीन. "बाबांची अँजिओग्राफी चालू आहे, ८० टक्के ब्लॉक निघालाय. ते टेबलावरच आहेत. डॉक्टर विचारतायत, आत्ताच स्टेंट टाकायचा का? पाच मिनिटांत सांग." आठ हजार मैलांवरून आपण काय सांगणार? 'टाका' म्हणतो. अपराधीपणाही त्यात असतोच. जवळ नाही आहोत, निदान पैशाला तरी मागे बघायला नको.

इंजिनिअरच्या डोळ्यांनाही ते बरोबरच वाटतं. नळीचा व्यास निम्मा झाला की तिचा अडथळा सोळापट होतो, हे आपण शिकलेलो आहोत. पण धमनी म्हणजे प्लंबिंगची नळी नव्हे. बरीच अरुंद होईपर्यंत पुढच्या बारीक रक्तवाहिन्या सैलावून पुरवठा सांभाळून घेतात. आणि हार्ट अॅटॅक बहुतेकदा ब्लॉक हळूहळू भरत शंभर टक्के होऊन येत नाही. भिंतीतल्या चरबीच्या गाठीचं पातळ आवरण फाटतं, तिथे रक्ताची गुठळी होते आणि वाट एकदम बंद होते. ती गाठ अँजिओग्राफीत ३०-४० टक्क्यांचीच दिसत असू शकते. म्हणजे ८० टक्क्यांचा ब्लॉक उघडला म्हणून पुढचा अॅटॅक टळला असं होत नाही.

म्हणून दोन प्रसंग पूर्ण वेगळे धरायला हवेत. अॅटॅक चालू असेल तर फुग्यासारखा जीवरक्षक दुसरा नाही. १९९३ साली आलेल्या अभ्यासांनी, आणि नंतर अनेकांनी, हे दाखवून दिलं. तिथे मिनिटं मोजायची, प्रश्न विचारत बसायचं नाही. कॅथलॅब लांब असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच्या हॉस्पिटलात आधी द्यावं आणि मग पुढे न्यावं.

पण जिना चढताना छाती भरून येते आणि थांबलं की जाते, गेले कित्येक महिने तेवढंच आहे, अशा स्थिर दुखण्याचं काय? २००७ मध्ये करेज नावाचा २,२८७ रुग्णांचा अभ्यास आला. उत्तम औषधोपचारावर स्टेंटची भर घातल्याने मृत्यू किंवा अॅटॅक कमी झाले नाहीत. मोठा गदारोळ झाला. मग इस्केमिया हा अभ्यास झाला: ३७ देश, ५,१७९ रुग्ण, त्यात भारतातलेही. प्रमुख डॉ. ज्युडिथ हॉकमन, एनवाययूच्या, म्हणजे फर्स्ट ॲव्हेन्यूवर बेलव्ह्यूच्या अगदी शेजारी. २०१९ चा निकाल तोच. स्टेंट किंवा बायपासने मृत्यू आणि अॅटॅक यांत ठळक फरक नाही, मात्र ज्यांना छातीत दुखत होतं त्यांचं दुखणं जास्त कमी झालं. नुकताच अॅटॅक आलेले, डाव्या मुख्य खोडातच ब्लॉक असलेले आणि हृदय फार कमकुवत झालेले रुग्ण या अभ्यासात नव्हते, त्यांचा हिशेब वेगळा.

आणि मोजमाप? ग्रुंटझिगच्या नळीतला दाब मोजायचा तो दुसरा मार्ग नळ्या बारीक करण्याच्या नादात मागे पडला आणि सगळे डोळ्यांनी टक्के ठरवू लागले. पुढे निको पाइल्स आणि सहकाऱ्यांनी दाब मोजणारी तार आणली. ब्लॉकपलीकडचा दाब अलीकडच्याच्या ८० टक्क्यांहून जास्त असेल तर तो ब्लॉक सहसा त्रासाचा नाही. २००९ मध्ये १,००५ रुग्णांच्या फेम अभ्यासात दाब मोजून निर्णय घेतला, तेव्हा स्टेंटही कमी लागले आणि वर्षभरातल्या अडचणीही कमी झाल्या. ऐंशी वर्षांनी नळी पुन्हा मूळ कामावर आली.

आमच्या मामांच्या वेळी (सांगली जिल्हा, वय ६८, दुखणं स्थिर) मावसभावाचा असाच फोन आला. मी म्हटलं, डॉक्टरांना फोन दे. विचारलं, अॅटॅक आहे का, आज नाही टाकला तर काय होईल? ते शांतपणे म्हणाले, "अॅटॅक नाही. घाई नाही. औषधांवर ठेवून बघू, त्रास वाढला तर करू." एवढंच. मामा अजून गोळ्यांवर आहेत आणि मळ्यापर्यंत चालत जातात. यावरून स्टेंट वाईट हे सिद्ध होत नाही. त्यांच्याच गल्लीतले एक काका भर अॅटॅकमध्ये दोन तासांच्या आत फुग्यावर गेले आणि आज हिंडतात-फिरतात.

तेव्हा मंडळी, हे चार प्रश्न आत्ताच लिहून ठेवा आणि घरच्यांनाही पाठवा. एक, हा अॅटॅक आहे की स्थिर दुखणं? दोन, ब्लॉक कोणत्या धमनीत आहे, मुख्य खोडात तर नाही, आणि हृदयाचं पंपिंग कसं आहे? तीन, दाब मोजला का, आणि औषधं पुरेशा डोसमध्ये आधी देऊन पाहिली का? चार, स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या कित्येक महिने न चुकता घ्याव्या लागतात. ते जमणार का, गुडघ्याचं वगैरे ऑपरेशन ठरलेलं आहे का? अॅटॅक असेल तर पहिल्या प्रश्नावरच थांबा आणि लगेच हो म्हणा.

आणि स्टेंट बसला तरी सिगरेट, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल यांची लढाई संपत नाही. फुगा एक जागा उघडतो, आजार सगळ्या धमन्यांचा असतो. आपलीही चाळिशी जवळ आली आहे, हे जाता जाता.

इथल्या डॉक्टर मंडळींनी जरूर भर घालावी.


जर्सी सिटीहून